मालकाच्या वहीतली वंशावळ

उत्तर कॅरोलिनातलं फेल्प्स सरोवर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावर आहे. कालवा काढला की पाणी आपोआप खाली उतरणार, दलदलीत भात पिकणार, हे जोसाया कॉलिन्स या व्यापाऱ्याने हेरलं. खणणार कोण? १७८६ साली थेट आफ्रिकेतून ८० माणसं जहाजाने आणली गेली. सहा मैल लांब, वीस फूट रुंद कालवा गुलामांनी हाताने खणला. कित्येक त्या चिखलातच संपले.

इथे उभा राहिलेला मळा म्हणजेच सॉमरसेट प्लेस. १८६५ पर्यंत ८५० हून अधिक गुलाम इथे राबले. १९६९ मध्ये ते राज्याचं ऐतिहासिक स्थळ झालं. पण गुलामांची घरं केव्हाच नाहीशी झाली होती. उभा होता तो कॉलिन्सांचा चौदा खोल्यांचा वाडा.

१९७७ साली ‘रूट्स’ ही गुलाम घराण्याच्या पिढ्यांची कथा सांगणारी टीव्ही मालिका पाहून डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड आपले पूर्वज शोधायला निघाल्या. समाजकल्याण खात्यात नोकरी करणारी ही बाई सुमारे दहा वर्षं कोर्टकचेऱ्यांतली खरेदीखतं आणि मृत्युपत्रं चाळत होती. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आपल्याकडची घराणी पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. इथे ते काम मालमत्तेच्या याद्यांनी केलं. कॉलिन्स हिशेबाला चोख होते. कोणती आई, कोणतं मूल, वय किती, सगळं टिपलेलं. माणसाची किंमत ठरवायला केलेल्या त्या नोंदींतूनच रेडफर्ड यांनी सॉमरसेटच्या गुलामांच्या एकवीस घराण्यांचे धागे जुळवले. मालकाच्या या चोखपणाचं कौतुक करावं असं मात्र मला वाटत नाही.

३० ऑगस्ट १९८६ रोजी सॉमरसेटलाच या घराण्यांच्या वंशजांचा मेळावा भरला. दोन हजारांहून अधिक माणसं आली, मालिकेमागच्या ‘रूट्स’ पुस्तकाचे लेखक ॲलेक्स हेली आले. कॉलिन्सांचा वारसही आला.

 

पुढे राज्याने सॉमरसेटचा कारभार रेडफर्ड यांच्याच हाती दिला. उत्खननात जिथे जुने पाये सापडले तिथेच त्यांच्या कारकिर्दीत गुलामांची घरं आणि दवाखाना पुन्हा बांधला गेला. आता वाडा पाहायला येणाऱ्याला तीही दाखवली जातात.