स्वमग्न मुलाची नजर कोठे असते?

रामनवमीला वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा भाविकांचा जनसागर लोटतो. अशा गर्दीत आईच्या कडेवरचे दीड वर्षाचे मूल गोंधळले, की प्रथम तिच्या चेहऱ्याकडे पाहते. ती हसली तर निर्धास्त होते, दचकली तर बिलगते. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेले मूल त्याच गर्दीत एखाद्या दुकानातील भिरभिऱ्यावर दृष्टी खिळवून बसण्याचा संभव अधिक. 'हाक मारली तरी बघत नाही, हट्टी आहे', 'त्याचा मामाही उशिराच बोलला होता' अशा समजुतीत घरच्यांची दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. वस्तुतः ते मूल पाहत असतेच. काय पाहावे, याचा त्याचा अग्रक्रम निराळा असतो.

हा अग्रक्रम अमेरिकेतील येल विद्यापीठात अमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मोजून दाखविला. बुबुळांच्या हालचाली टिपणारे उपकरण लावून त्यांनी स्वमग्न तरुणांना 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?' या 1966 सालच्या चित्रपटातील प्रसंग दाखविले. इतर प्रेक्षकांची नजर पात्रांच्या डोळ्यांवर होती; स्वमग्न प्रेक्षकांची तोंडावर, अंगावर वा मागील वस्तूंवर. एका प्रसंगात एक पात्र भिंतीवरील चित्राकडे बोट दाखवून, ते कोणी काढले असे विचारते. इतरांची नजर बोटाच्या दिशेने थेट त्या चित्रावर गेली. स्वमग्न प्रेक्षकाने मात्र बोटाची खूण घेतली नाही. शब्द कानी पडल्यावर तो एकामागून एक चित्रे धुंडाळीत राहिला. भाषा कळली, इशारा निसटला. आणखी एक गोष्ट अनपेक्षित होती. तोंडाकडे अधिक पाहणारे स्वमग्न तरुण व्यवहारात तुलनेने अधिक रुळलेले आढळले. बोलणाऱ्या ओठांवरून ते प्रसंगाचा अर्थ लावीत असावेत.

याच गटाने 2009 मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. केवळ प्रकाशबिंदूंनी रेखाटलेली माणसाची हालचाल इतर मुलांना ओढून घेई, स्वमग्न मुलांना नाही. मात्र टाळीचा आवाज आणि हात एकत्र येण्याचा क्षण जुळला, की त्यांचे लक्ष तेथे जाई. आवाज व हालचाल यांचा मेळ त्यांना खुणावतो. बोलताना असा मेळ ओठांवर सर्वाधिक असतो, डोळ्यांत नव्हे.

डोळ्यांकडे न पाहण्याला उदासीनता म्हणणेही घाईचे ठरेल. डोळ्यांच्या भागाकडे पाहायला लावल्यास स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतील भावनांशी निगडित केंद्रे प्रमाणाबाहेर उत्तेजित होतात, असे 2017 मधील एका अभ्यासात दिसले. हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' असा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांनी याचा विचार करावा. अर्थात सर्व स्वमग्न मुले एकसारखी नसतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा अनेक घरांत संस्कार मानला जातो. त्यामुळे केवळ 'नजर मिळवत नाही' ही खूण फसवी ठरते. त्याहून उपयुक्त कसोटी अंगणात सापडते. 'तो बघ चांदोमामा' म्हणून बोट दाखविल्यावर दीड वर्षाचे मूल वर पाहते काय? आवडलेली वस्तू स्वतः बोट करून दुसऱ्याला दाखविते काय? वारंवार नकारार्थी उत्तर येत असेल, तर तपासणी लांबवू नये.

त्यासाठी प्रथम महानगर गाठण्याची गरज नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत ऑटिझमचा समावेश आहे. त्याची पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा तपासतात व शंका असल्यास पुढे पाठवितात. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. 2016 च्या कायद्याने ती दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत आणली.

घरी मात्र तपासणीची वाट न पाहता एक उपाय करता येतो. बोललेले शब्द हवेत विरतात, चित्र समोर टिकते. म्हणून बऱ्याच स्वमग्न मुलांना पुढे काय घडणार ते चित्रांतून चटकन उमगते. मानोऱ्याहून वाशिमला दवाखान्यात जायचे असेल, तर एसटी, पांढऱ्या कोटातील डॉक्टर आणि पुन्हा आपले घर अशी तीन चित्रे आदल्या रात्री ओळीने मांडावीत, आणि निघताना तीच पट्टी मुलाच्या हाती द्यावी.