घरांतील विजेची जोडणी : एकसर व समांतर

खेड्यांतील बहुतेक घरांत व अनेक गोठ्यांत आतां वीज आली आहे. तथापि भिंतींतील तारा कशा जोडल्या आहेत, हा विचार वायरमनवर सोंपवून आपण मोकळे होतों. पुढें फ्यूज वरचेवर जळूं लागला म्हणजे त्यांत जाड तार घालण्याचा मोह होतो. हा मोह किती घातक आहे हें समजण्यासाठीं जोडणीचे दोन प्रकार येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाटाचें पाणी देण्याचा अनुभव आपणांस आहेच. एका वाफ्यांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असें पाणी सोडल्यास मधला एक वाफा तुंबतांच पुढील सर्व कोरडे राहतात. उलट, प्रत्येक वाफ्यास पाटावरून स्वतंत्र दार असल्यास एक दार बंद केल्यानें इतरांचें पाणी अडत नाहीं. पहिल्यासारखी विजेची जोडणी ती एकसर, व दुसऱ्यासारखी ती समांतर. दिवाळीच्या जुन्या माळेंतील एक बल्ब गेला कीं सारी ओळ विझत असे, तें एकसर जोडणीमुळेंच.

एकसर जोडणींत विजेचा दाब वांटला जातो. आपल्या घरीं हा दाब २३० व्होल्ट असतो. तंतूचे दिवे आतां मागें पडले असले तरी उदाहरणास ते सोयीचे आहेत. ६० वॅटचे दोन दिवे एकसर जोडल्यास प्रत्येकास ११५ व्होल्टच मिळतात, व दोन्ही मंद जळतात. ४० व १०० वॅटचे दिवे तसेच जोडल्यास ४० वॅटचाच अधिक उजळतो. कारण त्याचा रोध अधिक असल्यानें दाबाचा मोठा वांटा त्याच्याकडे जातो. म्हणून घरांतील दिवे, पंखे व सॉकेट समांतर जोडतात. तेणेंकरून प्रत्येकास पूर्ण दाब मिळतो. एडिसन यांनीं १८८२ सालीं न्यूयॉर्क शहरांत वीज पुरविण्यास आरंभ केला, तेव्हांहि दिव्यांची जोडणी समांतरच होती.

परंतु या सोयीची किंमत मुख्य तारेस द्यावी लागते. नवें दार उघडलें कीं मुख्य पाटांतून अधिक पाणी वाहतें. १००० वॅटची इस्त्री सुमारें ४.३ अँपिअर, पाणी तापविण्याचा २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर, व २ अश्वशक्तीचें सिंगल फेज कडबाकुट्टी यंत्र १० ते १२ अँपिअर प्रवाह घेतें. तिन्ही एकदम चालविल्यास बेरीज २३ अँपिअरच्या वर जाते. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे तारेंतील उष्णता चौपट होते. दिव्यांसाठीं घातलेली १.५ चौरस मिलीमीटरची तार हें ओझें सोसत नाहीं. तिचें आवरण वितळतें. आणि शेजारीं कडब्याची गंज असल्यास पुढचें सांगावयास नको.

यासाठींच फ्यूज किंवा एमसीबी फेजच्या तारेंत एकसर बसवितात. सर्व प्रवाह त्यांतूनच जात असल्यानें तो तुटतांच पुढील सर्व बंद होतें. माळेंत जो दोष, तोच येथें गुण ठरतो. फ्यूजमध्यें जाड तार घालणें म्हणजे धरणाचा सांडवा बांधापेक्षां उंच बांधणेंच होय.

स्विचहि फेजच्या तारेंतच एकसर असावा. तो न्यूट्रलच्या तारेंत असल्यास दिवा विझतो खरा, परंतु होल्डरमध्यें वीज शिल्लक राहते, व बल्ब बदलणारा बेसावध सांपडतो.

तेव्हां आमची सूचना अशी. फ्यूज जळाल्यास प्रथम त्या तारेवरील उपकरणांच्या प्रवाहाची बेरीज करावी. कुट्टीयंत्र व हीटर यांस मुख्य फलकापासून स्वतंत्र, पुरेशी जाड तार व स्वतंत्र एमसीबी द्यावा. अर्थिंग नीट ठेवावें. गोठ्याच्या ओलाव्यांत ३० मिलिअँपिअरचें आरसीसीबीहि बसवावें. जाणारा व परतणारा प्रवाह यांत तितका फरक पडला कीं तें वीज तोडतें. हीं कामें परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावीं. मात्र कोणती तार कोठून कोठें जाते, हें मालकानें उभें राहून पाहावें. पाटाचें प्रत्येक दार ज्यास ठाऊक आहे, त्यास हें अवघड नाहीं.