आद्य ईश्वरविद्या

मानवजातीच्या प्रारंभी ईश्वराविषयीचे एकच सत्य ज्ञान प्रकट झाले, ज्ञानी पुरुषांच्या परंपरेने ते पुढे आले आणि कालांतराने लोपून निरनिराळ्या धर्मांत अंशरूपाने उरले, अशी यूरोपीय प्रबोधनकाळातील कल्पना. तिची मांडणी मुख्यतः मार्सील्यो फीचीनो (१४३३–९९) या फ्लॉरेन्समधील तत्त्वज्ञाने केली. हर्मीझ ट्रिसमेजिस्टस या ईजिप्शियन ऋषीच्या नावावरील ग्रीक ग्रंथांचे त्याने १४६३ मध्ये लॅटिन भाषांतर केले (मुद्रण १४७१). हर्मीझ, ऑर्फियस, पायथॅगोरस, प्लेटो अशी गुरुपरंपरा त्याने लावली. पुढे जरथुश्त्राला तिच्या आरंभी बसविले. प्लेटोचे तत्त्वज्ञान ख्रिस्ती श्रद्धेला मारक नसून तिची पूर्वतयारी आहे, हे दाखविणे हा त्यामागील हेतू होता.

या परंपरेची सारी प्रतिष्ठा तिच्या प्राचीनत्वावर उभी होती आणि आयझाक कॅसोबाँ याने १६१४ मध्ये नेमका तोच आधार काढून घेतला. भाषाशैली व प्लेटो-बायबलचे पडसाद यांवरून हर्मीझचे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातील ठरतात, असे त्याने सिद्ध केले. हा कालनिर्णय आजही मान्य आहे. मात्र नाग हम्मादी येथील कॉप्टिक हस्तलिखितांच्या शोधानंतर (१९४५) त्यांतील ईजिप्शियन अंशाकडे अभ्यासक पुन्हा गांभीर्याने पाहू लागले.

पुरावा गेला, तरी कल्पना टिकली. न्यूयॉर्क येथे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीने तिला नवे रूप दिले व आदिज्ञानाचे स्थान ईजिप्तकडून हळूहळू भारताकडे सरकले. त्याच वर्षी स्वामी दयानंदांनी मुंबईत आर्यसमाज स्थापिला होता. १८७८ मध्ये या संस्थांनी परस्परांशी नाते जोडले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मादाम ब्लाव्हॅट्स्की व कर्नल ऑल्कट मुंबईस येऊन गिरगावात राहिले. मूळ सत्य एकच, हे उभयपक्षी मान्य होते. ते कोठे सापडते, यावर मात्र त्यांचे जुळले नाही. दयानंदांच्या मते ते वेदसंहितांत संपूर्ण होते. इतर मते म्हणजे त्याचा विपर्यास. थिऑसॉफिस्टांच्या दृष्टीने वेद हीही त्या गूढ ज्ञानाची एक शाखाच होती. म्हणूनच १८८० मध्ये त्यांचे हे दोन्ही नेते श्रीलंकेत पंचशील स्वीकारू शकले आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये ऑल्कट मुंबईच्या टाउन हॉलमध्ये जरथुश्त्री धर्माच्या अंतरंगावर व्याख्यान देऊ शकला. फीचीनोला ही अडचण आली नव्हती, कारण त्याचे सर्व प्रवाह अखेर ख्रिस्ती धर्मालाच मिळत होते. मार्च १८८२ मध्ये दयानंदांनी मुंबईतील व्याख्यानात सोसायटीशी असलेले संबंध जाहीरपणे तोडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोसायटीचे मुख्यालय मुंबईहून मद्रासजवळील अड्यार येथे हलविण्यात आले.