मग मोजून गरम पाणी

सकाळी ७.१५. पुण्यातल्या धायरीतलं दुकान म्हणजे शटरमागची दहा बाय आठची खोली. गीझर दुरुस्त करणारे मिस्त्री गाडीच्या डिकीत सामान भरतात. आज मी त्यांच्यासोबत आहे. दोन पाने, पाइप पाना, टेफ्लॉन टेपची रिळं, वॉशरची डबी, लिंबूसत्वाची पुडी, मोठे सेल. मागे हाताखालचा पोरगा बसतो, मांडीवर ड्रिल मशीन. डिसेंबर आहे, म्हणजे गीझरचा सीझन. उन्हाळ्यात हाच माणूस गळक्या टाक्या बघतो.

७.५०. तिसरा मजला. आजींची तक्रार एकच: "नवीन गॅस गीझर, तरी गरम पाणी यायला युगं लागतात."
मिस्त्री गीझर उघडतच नाहीत. तो ड्राय बाल्कनीत आहे, बाथरूम बेडरूमच्या पलीकडच्या टोकाला. मधली पाइप स्लॅबखालून फिरून जाते. ते पावलांनी मोजतात. साधारण चौदा मीटर. मग आजींकडून लिटरचा मग मागून घेतात आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडतात. पहिला मग गार. दुसरा गार. तिसराही. चौथा कोमट. पाचव्यात बोट घालून आजी "हं" म्हणतात.
"मशीन दोन सेकंदांत पेटतंय, आजी. पाइपमध्ये रात्रीचं गार पाणी उभं असतं, ते आधी बाहेर पडणार. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरला पाव लिटर मावतं. करा हिशेब."
"साडेतीन लिटर," आजी लगेच म्हणतात. निवृत्त शिक्षिका आहेत.
वर पाइप स्वतःही थोडी ऊब खाते. उपाय आहे: डक्टमधून सरळ अर्धा इंची लाइन. तिच्यात निम्मंच पाणी मावतं, अंतरही कमी होतं. खर्च चार हजारांच्या आसपास. आजी क्षणभर विचार करतात. "राहू दे. बादली लावीन खाली. फरशी पुसायला होईल." व्हिजिटचे २५०. स्क्रूसुद्धा न फिरवता घेतलेले पैसे मिस्त्रींना जरा जड जातात, असं मला वाटलं. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात हुशारीचं काम तेच होतं.

१०.१०. गीझर पेटतच नाही. सेल संपलेले. दोन मोठे सेल, सत्तर रुपये. व्हिजिट २५०. दहा मिनिटं.

११.३०. टँकरवर चालणारी सोसायटी. इथे नळाची धारच बारीक. पाण्याचा पुरेसा दाब पडल्याशिवाय आतला डायफ्रॅम सरकत नाही, आणि तो सरकल्याशिवाय गॅस सुटत नाही. म्हणजे इथे दोष पाइपच्या लांबीत नाही. मिस्त्री गॅसचा कॉक बंद करतात, चार स्क्रू काढतात, कव्हर पोराच्या हातात. इनलेटचा नट सैल करून जाळी काढतात. रेतीने गच्च. तांब्याची कॉइल सोडवून आत गरम पाण्यात कालवलेलं लिंबूसत्व नरसाळ्यानं ओततात. फसफस सुरू होते. अर्धा तास थांबायचं. कॉइल उलटी केली की राखाडी दुधासारखं पाणी पडतं, त्यात क्षारांच्या पापड्या. पोरगा तीनदा धुतो. जोडणी झाल्यावर गॅसच्या जॉइंटला साबणाचा फेस लावून बघतात. काडी कधीच नाही. ७०० रुपये. बाई "कंपनीवाले बाराशे म्हणाले होते" म्हणतात आणि तरी सहाशे देऊ बघतात. मिस्त्री हसून उभे राहतात. सातशे मिळतात.

२.००. वडापाव, दोन चहा. पोराचा एक वडापाव जास्त.

३.२०. साहेबांना गीझर बाल्कनीतून काढून बाथरूममध्येच हवा. "अंतरच मिटेल ना!"
"मिटेल. पण बाथरूमला खिडकी कुठंय?"
"एक्झॉस्ट आहे की."
"पंखा लावायला विसरलात तर? कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, साहेब. माणूस आत बसल्या जागी जातो. मी नाही लावणार. लाइटवरचा तीन लिटरचा गीझर आत बसवा, सोळा अँपियरचा पॉइंट काढून देतो."
साहेब "बघतो" म्हणतात. अठराशेचं काम गेलं. व्हिजिटचेही पैसे नाहीत. जिन्यात पोरगा म्हणतो, "दुसरा कुणीतरी लावंल की." मिस्त्री काही बोलत नाहीत, हेल्मेट घालतात.

५.००. बंगल्याचं बांधकाम. प्लॅस्टर व्हायचंय, भिंतीत झिऱ्या उघड्या. मालक सगळीकडे पाऊण इंची मागतात, "मोठी पाइप, जास्त पाणी." मिस्त्री खडूनं भिंतीवर आखून दाखवतात. गीझर बाथरूमला लागूनच्या बाहेरच्या भिंतीवर, गरम लाइन अर्धा इंची, जेमतेम तीन मीटर. मालक पटल्यासारखे दिसतात. पैसे महिनाअखेर.

८.१५. दुकानात वही. व्हिजिटचे दोन अडीचशे आणि सातशे, मिळून १,२००. सेलचे सत्तर, ज्याच्याकडून सेल घेतले त्या दुकानदाराचे. पेट्रोल १५०. सत्व, वॉशर ५०. खाणं ९०. पोराला ४००. शिल्लक ५१०. पोरगा नोटा मोजून खिशात घालतो आणि उद्या उशिरा येऊ का विचारतो. "सातला ये. आठच्या आत तीन घरं आहेत."