अर्ध्या मॅरेथॉनची आकडेमोड

अंतर २१.०९७५ किलोमीटर. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत नाही.

- पर्सनल बेस्ट (पीबी): त्या अंतरातली स्वतःची सर्वोत्तम वेळ.
- गन टाइम, चिप टाइम: पहिली इशारा होताच सुरू, दुसरी आरंभरेषा ओलांडल्यावर. हौशी धावपटू पीबीसाठी सहसा चिपचीच वेळ धरतात.
- किलोमीटरमागे: दोन तासांसाठी ५ मिनिटे ४१ सेकंद, दीड तासासाठी ४ मिनिटे १५.
- मोजणी: मार्ग सर्वांत आखूड रेषेने मोजतात. वळणे रुंद घेतली की धावपटूच्या जीपीएस घड्याळात अंतर वाढते. दोष आयोजकांचा नसतो!
- या अंतराच्या अलीकडे-पलीकडे पदके मिळवलेली नाशिकची कविता राऊत: ‘सावरपाडा एक्स्प्रेस’. १० हजार मीटरमध्ये २०१० चे राष्ट्रकुल कांस्य, त्याच वर्षी आशियाई रौप्य. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण, वेळ २:३८:३८. पुढे रिओ ऑलिंपिक.