विषाणू ‘कारण’ केव्हा ठरतो?

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज एक उदाहरण घेऊ. मर्केल पेशींचा कर्करोग हा त्वचेचा दुर्मिळ, पण आक्रमक कर्करोग. २००८ साली पिट्सबर्गमध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या प्रयोगशाळेला या गाठींत एक नवा विषाणू सापडला. सुमारे ८० टक्के गाठींत तो असतो.

मग तोच कारण, असं म्हणायचं का? जरा थांबू या. हाच विषाणू बहुतेक प्रौढांच्या त्वचेवर निमूटपणे राहत असतो.

कर्करोगासाठी दोन अपघात व्हावे लागतात. विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत अडकतो आणि त्याचं ‘लार्ज टी’ हे प्रथिन अपुरं बनू लागतं. विषाणूच्या प्रती काढायला लागणारा भाग जातो. पेशीचं विभाजन आवरणाऱ्या ‘आरबी’ प्रथिनाला जखडणारा भाग मात्र उरतो. म्हणजे ब्रेकच निकामी! जोडीला ‘स्मॉल टी’ हे प्रथिन वाढीला रेटा देतं. प्रयोगशाळेत ही प्रथिनं बंद पाडली, की अशा बहुतेक पेशींची वाढ थांबते.

म्हणजे इथे विषाणू खरंच कारण आहे. पण पुरेसं नाही, आणि अनिवार्यही नाही. उरलेल्या गाठींमागे बहुधा उन्हातली अतिनील किरणं असतात. शिवाय अशा गाठीत विषाणूची पुढची पिढीच खुंटते. तेव्हा यात त्याचा ‘हेतू’ शोधू नये. आणि त्वचेवर विषाणू आहे, एवढ्यावरून आपणही घाबरू नये.