जुन्या जीपचे इंजिन स्टँडवर घेताना



गावोगाव अजूनही एखाद्या वाड्याच्या पडवीत नाही तर गोठ्याच्या कडेला जुनी जीप उभी दिसते. कोणाच्या आजोबांनी हौसेने घेतलेली, कोणी सरकारी लिलावात उचललेली. १९४७ साली महिंद्रांनी विलिज जीप भारतात आणली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे ३ बी ही जीप वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांत धावली. तिचे चार सिलिंडरचे २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन चिवट म्हणून ओळखले जाते. हे इंजिन बंद पडले की भंगारवाला दाराशी येतो. पण पुष्कळदा त्याला हवी असते ती फक्त नीट खोलून केलेली दुरुस्ती.

दुरुस्तीला हरकत नाही, हरकत आहे ती पद्धतीला. अंगणात पोते अंथरायचे, इंजिन विटांवर टेकवायचे आणि चार जणांनी ढकलून उलटे करायचे, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. या इंजिनाचे वजन दीड क्विंटलाहून जास्त भरते. वीट फुटली की ते कोणाच्या पायावर येईल, सांगता येत नाही. पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता माणूस खाटेवर पडला, तर वाचवलेली मजुरी कितीला पडते याचा हिशोब ज्याने त्याने करावा. यावर सोपा उपाय म्हणजे इंजिन स्टँड.

स्टँड कसा असावा

स्टँड म्हणजे चाकांचा लोखंडी पाया, त्यावर एक उभा खांब आणि खांबाच्या माथ्यावर आडवी नळी. या नळीत दुसरी नळी फिरते. फिरत्या नळीच्या तोंडाशी एक जाड पट्टी आणि चार सरकते हात असतात. गिअरबॉक्स ज्या भोकांत बसतो, त्याच इंजिनाच्या मागच्या भोकांत हे हात बोल्टने आवळायचे. मग इंजिन हवेत राहते आणि हवे तसे फिरवून वरून, खालून, बाजूने काम करता येते.

स्टँड तयार मिळतो, किंवा ट्रॉली बनवणाऱ्या चांगल्या वेल्डरकडून करून घेता येतो. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, इंजिनाच्या वजनाच्या निदान दुप्पट भार त्याने पेलला पाहिजे. दुसरी, इंजिन खांबाच्या पुढे लोंबकळते, म्हणून पायाचे पाय इंजिनाखालून चांगले पुढेपर्यंत गेलेले असावेत, नाहीतर सगळेच तोंडावर आपटेल. तिसरी, तीनपेक्षा चार चाकांचा स्टँड बरा. तो सहसा कलंडत नाही.

सारवलेल्या जमिनीत ही लहान चाके रुततात. शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा असेल तिथेच काम करावे. तेही नसेल तर जाड फळ्या पक्क्या बसवाव्यात.

उचलण्यापूर्वी

आधी बॅटरीची तार काढावी. पेट्रोलची नळी बंद करावी. रेडिएटरमधले व ब्लॉकमधले पाणी आणि चेंबरमधले ऑइल काढून घ्यावे. मग बॉनेट, रेडिएटर व पुढची जाळी उतरवावी. कार्बोरेटर, डायनामो आणि सेल्फ काढले की वजन हलके होते आणि नाजूक भाग वाचतात.

प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळे ठेवावेत. मिसळणाच्या डब्यात जशी मोहरी, जिरे, हळद आपापल्या वाटीत असते, तशी सोय करावी आणि चिठ्ठी लावावी. पंधरा दिवसांनी आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही.

इंजिन उचलायला चेन ब्लॉक उत्तम. हातातली साखळी सोडली तरी ओझे आहे तिथेच थांबते. तो भक्कम लोखंडी तिपाईला टांगावा, घराच्या जुन्या वाशाला नव्हे. इंजिन साखळीने बांधावे. घरात पडलेला काथ्याचा दोर किंवा जुना नाडा या कामी वापरू नये. साखळी मजबूत बोल्टांत अडकवावी. मॅनिफोल्डला कधीही नाही.

गिअरबॉक्सखाली जॅक द्यावा. त्याचे बोल्ट काढून इंजिन सरळ पुढे ओढावे आणि मगच वर घ्यावे. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत इंजिनाचा भार त्याच्यावर येऊ देऊ नये.

स्टँडवर चढवणे

इंजिन जमिनीपासून थोडेसेच वर टांगलेले असताना क्लच आणि फ्लायव्हील काढावे. फ्लायव्हील व क्रँक दोहोंवर आधी खूण करावी, म्हणजे परत बसवताना जागा चुकत नाही.

आता स्टँडची फिरती नळी बाहेर काढून आधी ती इंजिनाला जोडावी. चार हात चार भोकांवर आणावेत. नळीचे केंद्र क्रँकच्या केंद्रापेक्षा थोडे वर ठेवावे, म्हणजे इंजिन फिरवताना तोल साधतो. बोल्ट उच्च प्रतीच्या पोलादाचे हवेत. जीपच्या इंजिनाला इंची आटे असतात. मिलिमीटर आट्याचा बोल्ट जबरीने घुसवला तर ब्लॉक वाया जातो. बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आटे आत धरले पाहिजेत, आणि बोल्ट तळाला टेकून अडताही कामा नये.

चारही बोल्ट घट्ट झाले की इंजिन उचलून नळी खांबाच्या नळीत सरकवावी आणि अडसराची पिन घालावी. मग साखळी इंच-इंच सैल करावी. स्टँड वाकत नाही, चाके उचलत नाहीत, हे पाहूनच साखळी सोडावी. टांगलेल्या इंजिनाखाली हात-पाय घालू नये. पोरांना तर आसपासही फिरकू देऊ नये.

इंजिन फिरवताना दांडा दोन्ही हातांनी धरावा, मगच पिन काढावी. जड बाजू एकदम खाली येते आणि दांडा हातावर बसतो. इंजिन एका बाजूला फारच ओढत असेल, तर पुन्हा साखळीवर घेऊन हातांची जागा बदलावी. स्टँडवर इंजिन चालू करून पाहू नये. स्टँड त्यासाठी नसतो.

काम लांबले तर

हंगाम आला की हे काम मागे पडते. तेव्हा प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून क्रँक एक-दोन फेरे फिरवावा. उघडी भोके स्वच्छ फडक्याने बंद करावीत आणि वर सुती कापड टाकावे. प्लॅस्टिकखाली ओल धरते आणि गंज चढतो. सुटे भाग धुवायला डिझेल चालते. पेट्रोल नको, आणि चुलीजवळ तर काहीच नको.

कागदपत्रांचेही बघावे. इंजिनाचा नंबर आरसी बुकावर असतो. त्यामुळे दुसरे इंजिन बसवायचे झाले तर आरटीओची परवानगी लागते. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात गाडी मूळ रूपात असणे आवश्यक आहे. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

एका गावात एकाच स्टँडवर पाच-सहा घरांचे काम भागते. चार जणांनी वर्गणी काढून तो करावा, उन्हाळ्यात रान मोकळे असताना काम काढावे आणि जाणत्या मिस्त्रीला पहिल्या दिवशी उभे करावे. तरुण पोरांना इंजिन आतून कसे चालते हे पाहायला मिळेल. पुढे विहिरीवरचे डिझेल इंजिन अडले, तर हीच नजर कामाला येईल.